पालथी नगरी निखिलच्या नावे करताना

मी श्रीपती महादेव मिटकरी, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. यकृताच्या आजाराने अंग थकले आहे, डोके जागेवर आहे. गळ्यातल्या लिंगाला स्मरून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र करतो.

१. राहते घर पत्नी रजनीचे. ती आहे तोवर तिला कोणी ऊठ म्हणू नये.

२. काळ्या रानाचे मुलगा निखिल व मुलगी गंधाली यांना सारखे वाटे. विहिरीवरची मोटार सामाईक. पाभर, कोळपे ही अवजारे ज्याच्या हातात चालतील त्याची.

३. रानाच्या टोकाला जुन्या वस्तीचा पांढऱ्या मातीचा उंचवटा आहे. घोर याचाच. तिथे नगरी होती, लोक सुपाने सोने वाळत घालत, दारी आलेल्या जंगमाला भिक्षा नाकारली म्हणून ती पालथी झाली, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हसनाबादचे कारभारी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेले. त्यांना जमिनीखालचे धन दिसते अशी ख्याती. त्यांनी पाय आपटून जागा दाखवली आणि निखिल खणू लागला. पायाचे दगड लागले. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. कारभारी म्हणाले, "येड्या, नगरी पालथी हाय. पाया वर, मंग घर खाली. आता कुठं बराबर लागलास!" पुढे मुरूम लागला, तर तो नगरीचा रस्ता ठरला. काही न सापडणे हीसुद्धा खूणच.

खड्डा आता विहिरीएवढा खोल आहे, काठ सरळ उभे. ही माती ओल धरली की पिठासारखी सुटते. गेल्या श्रावणात एक कड कोसळली. निखिल जेवायला वर आला होता, म्हणून आहे.

कारभाऱ्यांना काही देणे नाही. माझ्या दिवसाच्या जेवणाला बोलवावे, पोटभर वाढावे, निखिलच्या पंगतीला बसवू नये.

ही जागा गंधालीला देणार होतो. ती म्हणाली, "आप्पा, माझ्या नावावर करा न्हाईतर देवळातल्या महादेवाच्या. दादा खणूनच राह्यला तर मी काय पोलीस बोलवू?" म्हणून ती निखिललाच देतो.

४. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. मला त्या खड्ड्याच्या तळाशी बसवावे आणि खड्डा काठोकाठ बुजवावा. बापावर तो कुदळ चालवणार नाही, असे मला वाटले होते. हे कलम त्याला वाचून दाखवले. तो रडला, पाय धरले. म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बिलकुल धक्का लागू देणार न्हाई. मी बाजूनं खणीन."



५. तेव्हा निखिल, बाजूने खण. पण काठ उभा ठेवू नकोस, पायऱ्या पाडून उतार दे. पावसाळ्यात उतरू नकोस. कमरेला दोर बांध आणि दोराचे टोक वरच्या माणसाच्या हातात दे. एकटा कधीच उतरू नकोस. मी खाली असेन. वर ओढायला माझा उपयोग नाही.

सही : श्रीपती महादेव मिटकरी

आमच्या देखत वाचून सही केली :
अण्णासाहेब विश्वनाथ लकडे
दैवशाला रामराव साखरे

केदारखेडा, ९ फेब्रुवारी २०२५