माउसवरचं कुंकू

डोंबिवली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९६

घर सांभाळणाऱ्या बायकांना कॉम्प्युटरवर आधी डॉस शिकवावं की विंडोज? घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पण खरंच सांगता येत नाही. मी शिकवते त्या क्लासचे सर म्हणतात, डॉसच. पाया पक्का होतो. उद्यापासून बायकांची बॅच माझ्याकडे. पहिल्याच दिवशी घाबरल्या तर परत येतील का?

म्हणून आज आईला क्लासवर नेलं. डॉसचा काळा पडदा बघून म्हणाली, "गो, ह्याला काय पायजे ते कसा कलंल? दारात उभा ऱ्हाऊन बोलत नाय असा पाव्हना!" हुकूम टाइप करताना एक अक्षर चुकलं, चूक दाखवणारी इंग्रजी ओळ उमटली आणि तिने हात पदराखाली घेतला.

विंडोजमधली चित्रं बघून खुलली. पण माउसचं कुठलं बटण दाबायचं, ते सारखं विसरायची. शेजारच्या मशीनवर बसवलं, तर एकदाही चुकली नाही. कसं काय? कालच्या पूजेचं कुंकू त्या एकाच माउसच्या डाव्या बटणावर तसंच होतं. आणि तेच कुंकू मी सकाळी पुसायला निघाले होते!

सर रागावतील? रागावू देत. फळ्यावर 'विंडोज' लिहून आणि आईच्या पाकिटातल्या लाल टिकल्या सगळ्या माउसच्या डाव्या बटणांवर चिकटवून आलेय.