रुळातली पांढरी लाइन

दारव्हा, टेसनाजवळून
१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

अश्वजितभाऊ,
कडक जय भीम!

घरी सारे बरे हायेत. तुई माय रुखमाकाकू कापूस वेचाले जाते. बोंडअळीनं अर्धा खाल्ला, तरी जाते. तुया अकोल्याच्या पोलीस ट्रेनिंगात फोन जमा करून घेतात, म्हून हे चिठ्ठी अकोल्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. शुद्धलेखन पाहू नको, शाळेतबी कोनी पाह्यलं नाई.

टेसनाची गंमत आयक. रेल्वे बंद झाल्यापासून रुळात शेळ्याच बसतात. मागच्या आठवड्यात तिथं पांढरी लाइन निंघाली, खुट्या, लाल चिंध्या. गावभर बोंब, मोठी रेल्वे येऊन राह्यली! रामराव म्हणे, "माया घरावरून न्या ना बावा! तसंबी पडाले आलं."

ते लाइन मी मारली. क्रिकेटच्या पिचवर मारतो ते चुन्याची फक्की उरली होती.

मजा म्हून मारली, असं लिहणार होतो.

भाऊ, गोष्ट तुया बाबाची हाये, उकंडाकाकाची. गाडी बंद झाली तवा त्यायचं रुळ दुरुस्तीच्या गँगमधलं काम गेलं. मंग जिनिंगात हमाली केली. यंदा कापूसच नाई, त जिनिंगबी थंड. दिवाळीपासून धड जेवले नाई. रोज रुळावर जाऊन बसत. एक दिवस मले आपला हातोडा देल्ला. "साकेत, ठेव तुयापाशी." मंग घड्याळ खेमसिंगले देल्लं. शेळी भुरीबाईले, फुकट. मी साऱ्या गावावर हासतो, पन मले हासू आलं नाई. मानूस असं सामान कवा वाटते, तुले समजते.

लाइन मारली त दुसऱ्याच दिशी दारात उभे. "आण इकडं हातोडा! काम निंघून राह्यलं." त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या. काकू चुलीपाशी तोंडात पदर घालून रडली.

आता त्यायचा एकच धोशा. यवतमाळले जातो, साहेबाले नाव सांगतो. बुधवारी मी म्हटलं, बस बंद हाये. शुक्रवारी खेमसिंगच्या जीपची हवा सोडली. काल आवाज बदलून मीच फोन केला, "साहेब सोमवारी भेटतीन." तिकडं काका फोनवर, "जी साहेब. हजर होतो साहेब."

सोमवार म्हंजे उद्या. खाकी शर्टाले इस्तरी मारून ठेवली हाये.

मी संग जाऊन राह्यलो. हापिसात कोनी "कायची लाइन?" म्हणाच्या आंधी, बसमधीच सांगीन. दाराजवळ बसू देणार नाई त्यायले, आतल्या सीटवर बसवीन. मले मारलं त बरंच होईन. पन काहीच बोलले नाई, नुसते गप बसले, त मी काय करू भाऊ?

सुट्टी मांग. माय बिमार हाये म्हण, काहीबी म्हण. पहाटेची गाडी धर अन् यवतमाळच्या स्टँडवर उभा राह्य. उतरताना त्यायले तू दिसला पाह्यजे.

तुया बाबाच्या बाजूले बसलेला,
साकेत