कुसळांची बाजरी

गिदान झाकी,
४ ऑक्टोबर

लवालीदादा, सलाम.

कोटोनूला सुखरूप पोचलास, बंदरावर हमालीचं काम मिळालं, हे ट्रकवाल्या इसूफूने सांगितलं. बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. तुझी लेक पालथी पडायला लागली. बकरी व्याली. वहिनी बोलते माझ्याशी, पण कामापुरतंच.

काल मी काम करते त्या शेतीसंस्थेची माणसं येऊन गेली. माझ्या अहवालावर खूश आहेत. पठारावरच्या त्या दगडासारख्या जमिनीत आपण अर्धचंद्राचे खड्डे खणले, शेणखत भरलं, एकोणीस दिवस पाऊस नव्हता तरी ओल टिकली, बाजरी पंधरा दिवस आधी पिकली. सगळं खरं. पाखरांसाठी अहवालात रकानाच नव्हता.

जाताना तू म्हणालास, "तू मातीची डॉक्टरीण. वर बघायला तुला कुणी शिकवलंच नाही." तेव्हा मी भांडले. पण खरंच रे, अख्ख्या गावात एकट्या आपल्याच शेतात दाणा भरलेला, आणि कणसांना पाखरं रोखणारी कुसळं नाहीत. मळताना टोचतात म्हणून बायका कुरकुरायच्या, म्हणून मीच ते बिनकुसळाचं बी निवडलं. पाखरांना पान वाढून दिलं मी! दोन दिवसांत सगळं साफ. शेजारच्या देलूची कुसळांची बाजरी उशिरा का होईना, चार टोपल्या तरी झाली.

आई अजून रोज शेतातल्या माळ्यावर चढते. रिकाम्या कणसांवर गोफण फिरवते. "आई, आता काय राखतेस गं?" विचारलं तर म्हणते, "तुझं शहाणपण."

इसूफूबरोबर तू निरोप धाडलास, "चुलीवर टांगलेली आईची कणसं सांभाळा. पहिल्या पावसाला येतो, तेच बी पेरतो." त्याला चार दिवस झाले. चार दिवस मी हे पत्र लिहितेय.

ती कणसं नाहीत दादा.

तुझ्या लेकीच्या बारशाला पीठ कमी पडलं. आई ओरडली, "धुरातल्या बियाण्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!" मी हसले. "नवं बी आलंय, ही म्हातारी कणसं कशाला जपायची?" म्हणत मीच काढली आणि उखळात टाकली. तूही तो घाटा वाडगाभर खाल्लास. तुला ठाऊक नव्हतं.

आजीपासून चालत आलेलं, पठारावर तगणारं कुसळांचं बी, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. देलू मूठभर देईल, पण तिचं बी खालच्या ओल्या रानाचं, आपल्या पठारावर तग धरायचं नाही. तेवढं मला कळतं. त्यापुढे काय करायचं ते कळत नाही.

आई म्हणते, "त्याला कळवू नकोस. बी नाही हे कळलं तर पोरगा परत यायचा नाही."

तेव्हा तिचं ऐकलं नाही. आजही ऐकत नाहीये. पेरायला काही नाही दादा, मला शिव्या द्यायला तरी ये.

आईचा शब्द दुसऱ्यांदा मोडणारी,
तुझी राकिया