फोटोवरचा अंगठा

लोकेश,

दुपारी एक माणूस तुझं 'प्रेस' लिहिलेलं नारिंगी जॅकेट घालून कॅमेरा मागायला आला. म्हणे, तूच धाडलं. गळ्यातलं कार्ड दाखवलं, पण फोटोवर अंगठा धरून. मी म्हटलं, "अंगठा काऊन नाही काढत?" तर हसला, "आजी, वाचता येते का तुमाले?" नाव मी वाचलं. तुझंच होतं. जॅकेटच्या खिशाला मी घातलेले हिरवे टाकेही ओळखले. कॅमेरा मात्र दिला नाही, तसंच परत पाठवलं.

जॅकेट तू त्याला दिलंस, की त्यानं हिसकावलं? त्यानं काही केलं तर पोलीस तुझंच नाव वाचतील.

कॅमेरा घेऊन मी आमगावला अल्काआत्याकडे जाते. भात झाकून ठेवला आहे. कॅमेरा पाहिजे तर तूच ये, ते जॅकेट अंगात घालून.

आजी