सत्त्याण्णव रेघा

गुरुवार, २० ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून वहिनीला आधी सांग, घाबरण्यासारखं काही नाही. घरात सगळे जागच्या जागी आहेत. फोनवरच बोलणार होते, पण फोनवर तू मध्येच "बरं, मग?" म्हणतोस आणि माझी गाडी रुळावरून घसरते. लहानपणापासून तुझ्या त्या "बरं, मग?"ची मला धास्ती आहे. कागद कसा, मुकाट्याने ऐकून घेतो.

बाबा छान आहेत. जेवण व्यवस्थित, झोप दुपारची जास्त, रात्रीची कमी. तुझ्या छोटीने पाठवलेलं मांजराचं चित्र फ्रीजवर लावलंय. बाबा त्याला ससा म्हणतात. मी म्हटलं, आमच्या चित्रकाराने कान जरा लांब काढलेत. गुलाबाच्या कुंडीत मुंग्या झाल्या होत्या, त्यावर त्यांनी "तुझे नातेवाईक आलेत" असा विनोद सलग चार दिवस केला. मला मुंगी हे नाव तू ठेवलंस, भोगते मी.

माझी शाळा सुरू आहे. फळ्याशेजारची खिडकी अखेर बसवली.

आणि हो, गाडीचं मीटर दुरुस्त करून आणलं. नुसतं मीटर नाही, काट्यांचा तो अख्खा डबा. वेगाचा काटा, डिझेलचा, इंजिनच्या तापमानाचा, आणि तो पिवळा दिवा, जो विझेपर्यंत चावी पुढे फिरवायची नाही म्हणून बाबांनी आपल्या दोघांच्या हातांवर चापट्या मारल्या होत्या. सगळं नव्यासारखं दिसतंय.

आता तू म्हणशील, बरं, मग? दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मीटरला झालं काय?

तेच सांगायचंय. चहा करून आले. आता सांगते.

बाबांनी गाडीने गेटचा खांब पाडला, त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. तू तेव्हा आलास, खांब बांधून घेतलास आणि जाताना मला बाजूला घेऊन बजावलंस की गाडी आठवड्यातून एकदा जागच्या जागी सुरू करायची, रस्त्यावर काढायची नाही. आणखी एकदा असं काही झालं तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाईन, असंही म्हणालास. तेव्हापासून दर रविवारी तुझा फोन, "मुंगी, आकडा?" मी चप्पल घालून अंगणात जायची, काचेतून वाकून वाचायची, दोन लाख त्रेचाळीस हजार सहाशे अठरा. दर रविवारी तोच. तू म्हणायचास, "शाब्बास."

दादा, आकडा खरा होता. पण गाडी उभी नव्हती.

आपल्या घरात खोट्या आकड्याला जागा नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. एकतीस वर्षं पंपिंग स्टेशनवर दर तासाला काटे पाहून वहीत आकडे लिहिणारा माणूस आपला बाप. तू थर्मामीटर चहाच्या कपात बुडवून ताप आणला होतास, तेव्हा ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. शाळा बुडवलीस म्हणून नाही. म्हणाले, "काट्याला खोटं बोलायला लावलंस." मग मी तरी तुला खोटा आकडा कशी सांगणार? म्हणून मी चहाच्या कपापेक्षा मोठा उद्योग केला. मीटरची केबलच सोडली.

का, ते ऐक. तू गेल्यावर तीन आठवडे बाबा रोज दुपारी गाडीत जाऊन बसायचे. पिवळा दिवा विझायची वाट पाहायचे, इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटांनी बंद करायचे. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते. इंजिन बंद होतं आणि बाबा गिअर बदलत होते. पहिला, दुसरा, तिसरा. आपल्या वळणावर आल्यासारखा परत दुसरा. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

त्याच संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. चार स्क्रू, डबा पुढे ओढायचा, मागे हात घालून केबलचा नट फिरवायचा. गिअरबॉक्सकडून येणारी ती केबल सुटली की गाडी कितीही पळो, काटा शून्यावर आणि आकडा जागेवर. परत लावताना एक स्क्रू सीटखाली गेला, तो काही सापडेना, म्हणून शिलाई मशीनचा एक लावला. बाबांना सांगितलं, केबल तुटली, जुन्या गाडीची मिळत नाही म्हणतात. ते म्हणाले, "असं होय?" बस, एवढंच.

त्यानंतर दर बुधवारी, माझी शाळा अर्धा दिवस असते तेव्हा, आम्ही पंपिंग स्टेशनवर जायला लागलो. नऊ किलोमीटर जायला, नऊ यायला. चालवायचे तेच, मी शेजारी. तिथे त्यांना एक स्टूल देतात. ते डोळे मिटून पंपांजवळ बसतात. एकदा म्हणाले, "तीन नंबरचं बेअरिंग बोलतंय." नवा ऑपरेटर हसला. पुढच्या बुधवारी तोच धावत गेटपर्यंत आला, "काका, खरंच गेलं होतं!" त्या दिवशी परत येताना बाबांनी पूर्ण रस्ता शीळ घातली.

मी शेजारी बसून सतत बोलायची. सायकलवाला आहे, पुढे खड्डा आहे, ट्रक थांबलाय. मला वाटायचं, माझा स्वभावच कटकट्या.

आता आणखी एक. गेल्या महिन्यात बाबांच्या हातावर चहा सांडला असं मी तुला सांगितलं. चहा नव्हता. परतीच्या वाटेवर बॉनेटमधून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा शांत, अगदी गार असल्यासारखा. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात बाबांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उजवा तळवा भाजला. हात आता बरा आहे, नवी कातडी आलीय, गुलाबी. पण तुला सांगितलेलं ते एक सरळ सरळ खोटं होतं.

गॅरेजवाल्याने घरी येऊन इंजिन तपासलं. म्हणाला, इंजिन वाचलं, पण आधी काटे दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या वेळी कळणारच नाही. त्याने एका मीटरवाल्याचा पत्ता दिला. बाबांच्या हाताला पट्टी, म्हणून गेल्या शनिवारी गाडी मी नेली, बाबांना शेजारी बसवून.

खोलीएवढं दुकान. भिंतीभर जुनी मीटरं, सगळ्यांचे काटे शून्यावर. मीटरवाला बाबांपेक्षा थोडा लहान, कपाळावर भिंग. त्याने डबा बाहेर काढला, मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, केबल धडधाकट आहे. ही कुणीतरी सोडलीय. आणि तापमानाची पिन अर्धवट बसवलीय. काटा हलणार कसा?"

म्हणजे बाबांचा हात माझ्यामुळे भाजला, दादा. केबल सोडताना ती पिन माझ्याच हाताने निसटली होती.

बाबा स्टुलावरून म्हणाले, "तिनंच सोडलीय. मला दुसऱ्या दिवशीच कळलं. चार स्क्रूंतला एक हाताला वेगळा लागत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर परत जोडली असतीस."

मीटरवाला इतका हसला की भिंग नाकावर आलं. "काका, तुम्ही दोघं एकाच साच्यातले!"

इथपर्यंत लिहून मी मघाशी उठले होते. आता पुढचं.

त्याने डबा स्वच्छ केला, दिवे बदलले, केबलला ग्रीस लावलं. मग केबलचं दुसरं टोक ड्रिल मशीनला जोडून फिरवलं. गाडी नसताना गाडी पळवायची त्याची ही रीत. काटा सरसर वर गेला.

"काका, किती दाखवतोय?"

"चाळीस," बाबा म्हणाले.

काटा ऐंशीवर होता. हातभर अंतरावर.

मीटरवाल्याने ड्रिल बंद केलं. काटा खाली आला. त्याने पुन्हा फिरवलं. बाबा पुढे वाकले, मान तिरकी केली, अजून वाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काटा कुठंय गं?"

दादा, त्यांना दिसतच नव्हतं. इंजिनच्या आवाजावरून वेग सांगायचे, आणि मला तो बरोबरच वाटायचा. ड्रिलला आवाज वेगळा. मी मीटर बंद केलं नसतं, तर हे दोन वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आकडा लपवायला गेले आणि त्यामागे त्यांचे डोळे लपले. त्यांनीही लपवले, आणि माझ्या कटकटीच्या आधारावर गाडी चालवत राहिले. तुझं चुकलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला तीन पानं लागली.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक आण." गाडीबरोबर मिळालेलं ते माहितीपुस्तक. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीच्या जाड, वाकड्या रेघा. दर बुधवारची एक. "मीटर बंद म्हणून इंजिन ऑइल बदलायचं कधी ते चुकायला नको," म्हणाले. मी मोजल्या. सत्त्याण्णव. गुणिले अठरा.

"एक हजार सातशे शेहेचाळीस," बाबा हिशेब न मांडता म्हणाले, "आणि आज इथवर यायचे सहा धर. तेवढा आकडा पुढं करा."

मीटरवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. "काका, आकडा मागं करून मागणारे रोज येतात. हाकलून देतो. पुढं करून मागणारे तुम्ही पहिलेच." मग एका बारीक सुईने त्याने एकेक चाक फिरवलं. दोन लाख पंचेचाळीस हजार तीनशे सत्तर.

चावी बाबांच्या खिशात होती, दुसरी. दुकानातून निघताना ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "हात बरा झाला तरी तूच ठेव." आणि दार उघडून मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावायला मी मदत केली, तेवढी करू दिली.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. थोडं तरी परत मिळेल अशी आशा आहे. काल बुधवार होता. आम्ही गेलो. चालवली मी. वाटेत बाबा कान देऊन म्हणाले, "पंचेचाळीस." मी काट्याकडे पाहिलं. शेहेचाळीस होता. सांगितलं तर म्हणाले, "मीटरवाल्याला विचार, एकाचा फरक का येतोय."

हे पत्र लिहायला त्यांनीच बसवलंय. "रविवारी नवा आकडा सांगशील, तो दचकेल. आधी कळव." दादा, तुला त्यांना घेऊन जायचा हक्क आहे, आणि मी कारणं तुझ्या हातात दिलीत. तुझ्याकडे त्यांना काही कमी पडणार नाही. पण तिथे तीन नंबरचा पंप नाही. चावी आता माझ्याकडे आहे, आणि यापुढे तुला काही कळायचं राहणार नाही. एवढंच माझं म्हणणं. रागाव. रागावून झाल्यावर रविवारी फोन कर आणि नेहमीसारखं "मुंगी, आकडा?" एवढंच विचार. तेवढ्यावरून मला तुझं उत्तर कळेल.

वहिनीला नमस्कार. छोटीला सांग, मांजर अगदी मांजरासारखं आहे. चूक चित्राची नव्हती.

गाडीजवळ चप्पल घालून तयार असलेली,
तुझी मुंगी

(काल संध्याकाळी, घरी पोचल्यावर : दोन लाख पंचेचाळीस हजार तीनशे चौऱ्याण्णव.)