‘निवांत’चं ‘सुसाट’ झालं त्याची गोष्ट

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींना कमी ऐकू येतं असं तू लिहिलंस. त्यांना सगळ्यांचंच ऐकू येत नाही की फक्त तुझंच, हे आधी तपासून घे. आम्ही इकडे मजेत आहोत. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलंय. पुढे वाच.)

आमची ‘निवांत’ वाहिनी बंद झाली. बावीस वर्षं आम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्चीत बसून करायचे व्यायाम, शब्दकोडी आणि जुने चित्रपट दाखवत आलो, आणि मधल्या मोकळ्या वेळात मी माझ्या खुराड्याएवढ्या खोलीतून निवेदन करत आलो. आता मालक थकले आणि कारभार त्यांच्या जावयांच्या हाती गेला. जावई वाईट नाहीत गं. (मला बघून खुर्ची पुढे करतात.) पण नुसत्या कानाच्या यंत्रांच्या आणि कंबरपट्ट्यांच्या जाहिरातींवर वाहिनी चालत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही काही खोटं नाही. तेव्हा वाहिनी तरुणांची करायची ठरलं. नाव ‘सुसाट’. हे नाव शोधायला एक सल्लागार आणले होते. वय पन्नाशीला टेकलेलं, केस काळेभोर, पँट गुडघ्यावर फाटलेली. (पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं, कुठे पडलात का?) त्यांनी तीन आठवडे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. तरुणांना काय आवडतं हे ठरवणाऱ्या बैठकीत सगळ्यात तरुण आमचा कॅमेरामन होता, आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

उद्घाटन गेल्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता, थेट प्रक्षेपण. मला काम काहीच नव्हतं, म्हणून आपल्या खोलीत जाऊन बसलो. आता आमच्याकडची पद्धत तुला सांगतो. दारावरचा लाल दिवा लागला की बोलायचं आणि विझला की थांबायचं. घड्याळ बघायचं नाही, विचार करायचा नाही. बावीस वर्षांत मी दिव्याला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. पण सल्लागारांनी शोभेसाठी स्टुडिओभर लाल दिवे लावले होते, त्यातला एक नेमका माझ्या दारावर, आणि माझा माइक काढून घ्यायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. साडेसातला दिवे लागले. पडद्यावर बारा पोरं-पोरी उड्या मारत होती, ढोलांचा दणदणाट चालला होता, आणि मी नेहमीच्या शांत आवाजात बोललो, “जेवणाआधीची गोळी घेतली का? चष्मा सापडत नसेल तर कपाळावर बघा. उठताना सावकाश उठा, घाई नाही.” पुढच्या रांगेतली पोरगी हवेत होती. ती खाली आली ती बसलीच. बाकीची अकराही थांबली. थोरामोठ्यांचं ऐकणारी मुलं, चांगल्या घरची असणार.

जावई माझ्या खोलीत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतेच स्टुलावर बसले आणि म्हणाले, “काका, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” मी म्हटलं, माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. एवढ्यात फोन वाजायला लागला तो थांबेना. सगळे आपले जुने प्रेक्षक. एक गृहस्थ म्हणाले, “बायको गेल्यापासून गोळी घेतली का हे मला तुमच्याशिवाय कोणी विचारत नाही हो. बंद नका करू.” ताई, मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. नोकरीची भीती आहेच, पण हा माणूस उद्या साडेसातला कोणाची वाट बघणार? जावयांनीही ते ऐकलं होतं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत पंचविशीच्या आतल्या पंचवीस जणांनी फोन करून तुम्हाला मागितलं, तर तुम्ही राहाल. लबाडी नको म्हणून फोनवर ते स्वतः बसतात आणि वय वहीत लिहून घेतात.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी किती आहेत? आठ ना? प्रत्येकीने एकेक फोन करावा. वय बाविशीच्या पुढे कोणी सांगू नये. जावयांना ‘बाळा’ म्हणू नये आणि जेवलास का असं विचारू नये, कालच्या दोघी त्यातच पकडल्या गेल्या.

ता. क. दुसरा. मला बढती मिळालीय असं हिला सांगून ठेवलंय. तिचा फोन आला तर अभिनंदन कर.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता पुन्हा उघडलं. आत्ताच एक फोन आला आणि जावई बोलता बोलता खुर्चीवरून उठून उभे राहिले. पलीकडे त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांना मीच हवा होतो, आणि त्यांनी आपलं वय एकोणीस सांगितलं. जावयांनी एकदा माझ्याकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि वहीत एकोणीस लिहून घेतलं.