बिनकर्जाच्या घरापायी

प्रिय बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका.

एक सांगायचं होतं. तुमचे जावई आठ दिवसांपासून त्यांच्या बहिणीकडे राहायला गेलेत. भांडण झालं नाही. खोलीत पडद्यापलीकडे दुसरं जोडपं राहतं, तिथं भांडणार कसं?

मागच्या रविवारी नेहमीसारखे घर बघायला गेलो होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. पण किंमत पुन्हा आमच्या साठवलेल्या पैशांपुढे गेलेली. दलाल म्हणाला, "ताई, घर घेणार कधी? का दर रविवारी नुसती दृष्ट लावायला येता?" मी हसले. हे हसले नाहीत.

जिन्यात म्हणाले, "कमी पडतात तेवढ्या पैशांचं कर्ज काढू या."

मी म्हटलं, "आमच्यात कुणी काढत नाही. बाबांना काय सांगू?"

"बाबांचं बरोबरच असेल गं. पण लग्न झाल्यापासून मी तुझ्याशी कुजबुजतोय. मला एकदा मोठ्यानं बोलायचंय."

मी जिना उतरू लागले. रात्री त्यांनी बॅग भरली, तीही आवाज न करता. साठवलेल्यातला एक रुपयाही नेला नाही. आता खोलीत माझ्या बाजूला कुणी कुजबुजतही नाही.

बाबा, रागावू नका, पण विचारल्याशिवाय मला जमणार नाही. कर्ज काढून मी ते घर घेतलं आणि यांना परत बोलावलं, तर तुम्ही माझ्याकडे पाणी प्याल ना?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची चिमणी